पूजेतली पट्टी

चिंचेच्या कोळात काथ्या बुडवून मी पट्टी घासायला घेतली आणि तिच्यावरचा काळा-हिरवा थर निघून आतलं तांबं लखलखायला लागलं. हातभर लांबीची पट्टी, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं. दहा मिनिटांत ती अशी झाली की तिच्यात मला माझं नाक दिसायला लागलं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. दाजी खवणेकर खाली धक्क्यावर गेले होते. ते यायच्या आत पूजा मांडून, आरती उरकून मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता.

सत्त्याण्णव सालची खंडेनवमी. तारखोल बंदराच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडाबोडका सडा, म्हणजे सपाट माळ, आहे. त्याच्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीचा वायरलेसचा टॉवर होता आणि टॉवरच्या पायाशी पत्र्याच्या छपराची एक खोली. आत सेट, दोन खुर्च्या, टेबल, बोटींची नावं लिहायचा फळा. त्या खोलीत दाजींनी चौदा वर्षं काढली होती, मी दोन. बोटींना हवामान सांगायचं, कुणाचं इंजिन बंद पडलं तर जवळच्या बोटीला तिकडे पाठवायचं, आणि येताना खाडीच्या तोंडाशी जो वाळूचा दांडा आहे तो चुकवून त्यांना आत घ्यायचं, हे आमचं काम. मी प्रमिला कुबल, तेव्हा तेवीस वर्षांची, बारावी पास. जिभेने तिखट होते आणि डोक्याने त्याहून जास्त. गाव मला पमा म्हणे, दाजी पमे म्हणत.

आता ही पट्टी कसली ते सांगायला हवं. टॉवरवरून एक जाड तांब्याची पट्टी खाली उतरायची, सेटची वायर आत यायची, आणि दोन्ही खिडकीखालच्या एका पत्र्याला जोडलेल्या असायच्या. तिथून पुढे पट्टी बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जायची. मधे हा हातभर तुकडा चार नटबोल्टांनी बसवलेला होता. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, दाजी तेवढा सोडवत, मीटर लावून खड्डा तपासत आणि पुन्हा घट्ट बसवत. बाकी वर्षभर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तो खड्डा म्हणजे दाजींचं दैवत. जांभ्यात नऊ फूट खोल खणलेला, आत कोळसा आणि जाडं मीठ भरलेलं. जांभा पाणी धरत नाही म्हणून दाजी रोज सकाळी त्यात दोन बादल्या पाणी ओतत. भर उन्हाळ्यात, गावाला प्यायला पाणी नसतानासुद्धा. मी त्यांना चिडवायची, "काकी तुळशीक घालनत नाय इतक्या पाणी तुम्ही त्या खड्ड्याक घालतास."

ते हसायचे नाहीत. एकदाच त्यांनी मला नीट समजावलं होतं.

"ईज टावरार उतरतलीच, पमे. तिका अडवूक कोणाच्यान होवचा नाय. आपण फक्त तिका जमिनीत जावची वाट मोकळी ठेवूची. वाट नाय गावली तर ती आपली आपण सोधता. आणि सेटार बसलेलो माणूस तिका सगळ्यात जवळ."

मी मान डोलावली आणि विसरले. खरं सांगायचं तर माझा दाजींवर राग होता. दोन वर्षं झाली तरी वाईट हवेत ते मला सेटवर बसू देत नसत. जरा वारा फिरला की, "ऊठ, माझ्या खुर्चेत येवन बसू नको," म्हणत आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावत. मी बाई म्हणून, नाहीतर मी पोर म्हणून, असं मी धरून चालले होते. गावात सांगतसुद्धा सुटले होते की दाजींना त्यांची खुर्ची जायची भीती वाटते.

त्या दिवशी सकाळीही खटका उडालाच. सोसायटीचे चेअरमन बाबीशेट मालंडकर प्रसादाला वर येणार होते. पूजा फक्कड दिसावी असं मला वाटत होतं. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जुना माइक, सगळं पुसून मी पाटावर मांडलं, पण ते काही केल्या नटेना. तेवढ्यात ती पट्टी माझ्या नजरेत भरली.

"दाजी, ही सोडवून घासूया काय? पूजेत कशी झगमगतली बघा."

"नको."

"अर्ध्या तासात परत लावतंय."

"तिका थंयच फूल घाल. देव थंयसून बघता." आणि जाताना दारात थांबून, "पट्टीक हात लावूचो नाय, सांगान ठेवतंय."

हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं त्यानेच माझं डोकं फिरलं. ते पायऱ्या उतरून दिसेनासे झाले आणि मी पाना हातात घेतला.

आरती झाली. बाबीशेट चार माणसांना घेऊन आले, पाटावर मागे उभी केलेली पट्टी, तिच्याभोवती झेंडूचा हार, समोर निरांजन, असं बघून म्हणाले, "पमे, पूजा मांडूक तुझ्याकडसून शिकूचा." माझी छाती फुगली. प्रसाद खाऊन ते निघाले तशी मी पट्टीला हात घातला.

"काय करतंस?" बाबीशेट म्हणाले.

"ह्या जाग्यार लावन ठेवतंय."

"खुळा काय? पूजेतला हत्यार आज हलवूचा नाय. उद्या सोना लुटून झाल्यार काय ता लाव."

त्यांना ती पट्टी कशाची हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते एक हत्यार. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं की, हे हत्यार नाही, हिच्यावर ही खोली उभी आहे. पण सांगितलं असतं तर दाजींनी मना केलेलं असताना काढली हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही चार माणसांसमोर. मी हात मागे घेतला. बाहेर बघितलं. आभाळ स्वच्छ, ऊन रखरखीत. एका दिवसाने काय होतंय, असं मनाशी म्हटलं आणि खिडकीखालची मोकळी जागा दिसू नये म्हणून तिच्यावर झेंडूचं एक जाड तोरण लटकवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला घाटाकडून काळं उठलं.

ऑक्टोबरात आमच्याकडे असं होतं. सकाळभर लख्ख ऊन आणि दुपारी डोंगरामागून ढग येतात. पण त्या दिवशीचे ढग बघून मी आधी फळ्याकडे बघितलं. सात बोटी बाहेर होत्या. दसऱ्याला घरी पोचायचं म्हणून सातही एकदमच परत निघाल्या होत्या. त्यातल्या 'भवानीप्रसाद'वर माझा थोरला भाऊ दिगंबर होता, आमचा दिगू. सेटवर सगळ्यांचे आवाज एकमेकांवर चढत होते. वारा सुटलाय, किनारा दिसत नाही, दांडा कुठे ते सांगा. मी उत्तरं देत होते आणि एक डोळा त्या तोरणाकडे. उठावं, चार नट बसवावेत, दोन मिनिटांचं काम. पाना पूजेत. पट्टी पूजेत. आणि लांब कुठेतरी पहिलं गडगडलं.

दाजींचा सगळ्यात कडक नियम हाच होता. आभाळ गडगडायला लागलं की पट्टीला, खिडकीतल्या वायरीला हात म्हणून लावायचा नाही. लावताना वीज उतरली तर लावणारा जागेवर जळतो. मी खुर्चीत बसून राहिले.

दाजी धापा टाकत वर आले. दारात चपला काढल्या, फळ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. तोरणाकडे. मग पूजेकडे. मला वाटलं, नुसतंच बघितलं.

"पानो खंय असा?"

"पूजेत."

"आणि पूजेत काय काय असा?"

"हत्यारां. आणखी काय असतला."

त्यांनी फळ्यावरची सात नावं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बरां. ऊठ."

मी उठले. त्यांनी हेडफोन घेतला. पत्र्यावर पावसाचे पहिले जाड थेंब पडायला लागले होते, त्या आवाजात स्पीकरवरचं काही समजत नव्हतं. हेडफोन लावल्याशिवाय इलाज नव्हता.

"धक्क्यार जा," ते म्हणाले. "दांड्याच्या बाजूक दोर घेवन माणसां उभी करूक सांग. एखादी बोट आडवी झाली तर वढूक होई."

"फोन करतंय ना."

"फोनाक हात लावू नको. चालत जा."

"इतक्या पावसात? परत मीच काय ती फुकटची? तुम्ही माका कधीच—"

"पमे." एवढंच. आवाज चढवला नाही. "जा मगे."

मी तोंड उघडलं होतं. दाजी, पट्टी पूजेत आहे, हे चार शब्द ओठापर्यंत आले होते. पण त्यांनी पाठ फिरवली होती, आणि मला पुन्हा तोच जुना राग आला, की वाईट हवा आली आणि मला बाहेर काढलं. डोक्यावर गोणपाट घेऊन मी बाहेर पडले. दारातून वळून बघितलं तर ते नोंदवही पुढे ओढून त्यात काहीतरी लिहीत होते. नोंदीचं त्यांना वेडच होतं. आधी वेळ, मग मजकूर, खाली सही. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर त्याच्याखाली नवी ओळ लिहायची आणि पुन्हा सही करायची. मी मनात म्हटलं, बोटी बुडायला आल्यात आणि ह्यांचं अक्षर गिरवणं चाललंय.

सड्यावरून बंदरात उतरायला चिऱ्याच्या एकशे ऐंशी पायऱ्या आहेत. मी निम्म्या घसरतच उतरले. धक्क्यावर गाव लोटला होता. दोर घेऊन पोरं आधीच दांड्याकडे धावली होती, म्हणजे मला पाठवायची काही गरजच नव्हती. मी आणखी चिडले. धक्क्याला लागलेल्या एका बोटीवर सेट चालू होता, त्याच्याभोवती माणसं वाकून उभी होती. त्यातून दाजींचा आवाज येत होता, रोजच्यासारखा सावकाश. जेवायला बोलावल्यासारखा.

"जलदेवी, तू फुडे. दांडो डाव्या हाताक. आणखी उजवीकडे घे. हां. आता सरळ."

पावसाच्या पडद्यातून जलदेवी बाहेर आली. मग दुसरी. तिसरी. एकेक बोट आत यायची, बायका नावं घेऊन रडायच्या, आणि दाजी पुढच्या बोटीला बोलवायचे. मी मोजत होते. चार. पाच. विजा आता सड्यावरच नाचत होत्या. प्रत्येक चमकेला मी टॉवरकडे बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची. मी कुणाला काही बोलले नाही. कुणाला बोलले असते? आता वर जाऊन पट्टीला हात कोण लावणार होता?

सहावी आत आली. राहिला दिगू.

"भवानीप्रसाद. दिगू, आयकतंस? तुका उजवीकडे दिसता तो दांडो नव्हे, ती लाट. फसू नको. दांडो डावीकडेच धर. धरलंस? बरां. आता सरळ—"

आभाळ फाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पांढरं सगळं, टॉवर त्या पांढऱ्यात काळी रेघ, आणि आवाज कानात नाही, छातीत बसला. मी गुडघ्यांवर पडले. डोळ्यांपुढचं निवळलं तेव्हा सगळे सेटकडे बघत होते. सेटमधून नुसती खरखर येत होती. कुणीतरी बटण दाबून "दाजी, दाजी" म्हणत होतं. खरखर.

दिगूची बोट पावसातून सरळ आत आली.

मी ती धक्क्याला लागायची वाट बघितली नाही. पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. वर आले तर खोलीचं दार आतून बाहेर फेकलं गेलं होतं. आत जळक्या रबराचा वास. सेट फुटला होता, बोर्ड भिंतीवरून सुटून लोंबत होता, खिडकीखालचे मोकळे बोल्ट काळे पडले होते आणि माझ्या तोरणाची राख झाली होती. पूजेला मात्र काही झालं नव्हतं. निरांजन विझलं होतं, एवढंच. झेंडू टवटवीत होता, आणि त्याच्यामधे ती पट्टी सकाळसारखीच लखलखत होती.

दाजी खुर्चीसकट आडवे पडले होते. हेडफोनचा एक गोळा गालाला चिकटला होता, दोन्ही कानांतून रक्त, उजवा पंजा काळा. मला वाटलं, गेले.

आता जे सांगणार आहे ते मी कित्येक वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी आधी दाजींकडे गेले नाही. मी पूजेकडे गेले. पट्टी उचलली, पाना उचलला, आणि कुणी वर यायच्या आत ती जागच्या जागी बसवायला म्हणून खिडकीकडे दोन पावलं टाकली. माणूस माझ्या पायाशी पडलेला आणि मी नट शोधत होते.

मागून कण्हण्याचा आवाज आला. पट्टी माझ्या हातातून सुटली, फुलांवर पडली. मी दाजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि गुरासारखी हंबरायला लागले. थोड्या वेळाने माणसं वर आली. दिगूच पुढे होता. त्यांनी दाजींना फळ्यावर घालून खाली नेलं. बोटींची नावं लिहायचा तोच फळा, त्याच्यावर सातही नावं होती आणि सहांपुढे बरोबरची खूण.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, जगतील, पण कान गेले, हाताचं नंतर बघू. खाटेवर दाजी उशीला टेकून बसले होते, उजव्या हाताला आणि डोक्याला पट्ट्या. शेजारी काकी, त्यांची बायको, पेज भरवत होती. मला बघून दाजींनी डाव्या हाताने स्टूल दाखवलं. मी दारातच उभी राहिले.

माझ्या मागोमाग बाबीशेट आले. काखेत नोंदवही. ते खाटेजवळ गेले, पण दाजींना काही ऐकू येत नाही हे लक्षात येऊन काकीशीच बोलायला लागले.

"वैनी, वाईट वाटून घेव नका. पण माका ह्या सोसायटीत वाचूचा लागतला. लोक इचारतत, चौदा वर्षां कायच झाला नाय, कालच कसा झाला? आणि दाजीन स्वताच लिवन ठेवलेला असा."

"काय लिवलेला?" काकीने विचारलं.

बाबीशेटनी वही उघडून वाचलं. "पूजेसाठी अर्थिंगची पट्टी मी काढली. ऑपरेटर कुबल यांना याची माहिती नाही. द. रा. खवणेकर."

काकीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "ह्यांनी? पट्टी? अहो, हे झोपेतसुद्धा पट्टी पट्टी करतत."

"मीपण तोच इचार करतंय. पण अक्षर त्यांचाच. आता सेट गेलो, टावराची वायरिंग गेली, आणि आपल्याच माणसान पट्टी काढली म्हटल्यार कोण काय बोलतलो? चौदा वर्षांचा नाव एका दिवसात गेला बघा." बाबीशेटचा आवाज खरंच जड झाला होता. "दाजीक परत त्या खोलयेत बसवूक लोक देवचे नाय."

मी भिंतीला धरून उभी होते. दाजींनी असं का लिहावं? कधी लिहिलं? वीज पडल्यावर तर ते शुद्धीवरच नव्हते. मी पुढे झाले आणि बाबीशेटच्या हातातून वही घेतली. त्यांना वाटलं पोरगी हबकलीये.

पान दाजींच्या गोल, उभ्या अक्षरांनी भरलं होतं. माझं बोट ओळींवरून खाली आलं.

१४.५०. पूजेसाठी अर्थिंगची पट्टी मी काढली.

त्याच्या खाली, १४.५६, जलदेवी आत. त्याच्या खाली १५.०१, दुसरी बोट. १५.०५. १५.१०. १५.१४. १५.१९, सहावी बोट आत, भवानीप्रसाद दांड्यावर. तिथे नोंदी संपत होत्या.

मी ते तीनदा वाचलं. दोन पन्नास. मी दारातून वळून बघितलं ती वेळ. एकही बोट आत आली नव्हती तेव्हा. वीज पडायला अर्धा तास होता. त्यांनी तोरण बघितलं, पूजा बघितली, मला एक प्रश्न विचारला, मी खोटं बोलले, आणि त्यांनी बरां म्हटलं. मला चालत धक्क्यावर पाठवलं, जिथे माझं काही काम नव्हतं. फोनला हात लावू दिला नाही. मग ही ओळ लिहिली, सही केली, हेडफोन कानाला लावला आणि सात बोटी आत घ्यायला बसले. सेट बंद करून ते माझ्याबरोबर खाली येऊ शकले असते. दिगू दांड्यावर गेला असता.

आदल्या दिवशी ती वीज बघून मी हादरले नव्हते तेवढी ह्या एका ओळीने हादरले. वाईट हवेत ते मला खुर्चीतून का उठवायचे, दोन वर्षं, प्रत्येक वेळी, तेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"बाबीशेट," मी म्हटलं. "पट्टी मी काढलंय. तुम्ही पूजेत बघलास ती तीच. दाजींनी नको म्हणून सांगलेला."

"पमे, तुझा डोका ठिकाणार नाय."

"तुमच्यासमोर मी लावूक गेलंय आणि तुम्ही नको म्हटलास. आठवता?"

बाबीशेटचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाटेच्या दांडीला धरून खाली बसले. काकी माझ्याकडे बघत होती. ती ओरडली असती, मारायला धावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, आणि तिच्या हातातली पेज पदरावर सांडत होती.

दाजी मोठ्याने बोलले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "ती काय सांगता ता माका कळला. तिचा आयकू नका. वहीत लिवलेला खोडूचा नाय."

"खोडणार नाय," मी म्हटलं. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी म्हटलं.

बाबीशेटच्या खिशातलं पेन मी काढून घेतलं. ते हळूच म्हणाले, "नोकरी जातली गो तुझी. गावात तोंड दाखवूक जागा रवाची नाय. तेणी तुका सोडवलेला असा, कित्या आपल्या गळ्यात बांधून घेतंस?"

मी खाटेच्या कडेला वही टेकवली आणि शेवटच्या नोंदीच्या खाली लिहिलं. पट्टी मी काढली. खवणेकर यांनी मना केलं होतं. विचारल्यावर मी खोटं बोलले. वरची नोंद चुकीची आहे. प्रमिला शांताराम कुबल. पेन इतकं दाबलं की कुबलमधला ल कागद फाडून गेला.

दाजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. माझी नोकरी गेली, बाबीशेट म्हणाले होते तसं पुष्कळ काही झालं, आणि नव्या टॉवरच्या खड्ड्यात दाजींनी पुढे रोज सकाळी डाव्या हाताने दोन बादल्या ओतल्या. ह्या गोष्टीवर आमच्यात पुन्हा एक अक्षरही बोलणं झालं नाही. जे काही झालं ते त्या खाटेपाशीच झालं.

मी वही उलटी करून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं. सावकाश, एकेक शब्द, माझं अक्षर नेहमी तपासायचे तसं. काकीने त्यांच्या डोळ्यांना पदर लावला, तो त्यांनी बाजूला केला. मग डाव्या हाताचं बोट माझ्या ओळीच्या सुरुवातीला, समासातल्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"पमे," ते म्हणाले, "वेळ घालूक विसरलंस."

भिंतीवरच्या घड्याळात बघून मी लिहिलं. ११.२०.